बेळगाव सीमाभागातील एक दिवसाचे नदी राफ्टिंग

हवा भरलेल्या जाड रबरी राफ्टमध्ये बसून, गाइडच्या हुकमाबरोबर वल्ही मारत नदीच्या खळाळत्या प्रवाहातून खाली उतरण्याचा साहसी प्रकार म्हणजे राफ्टिंग. आधी कधी वल्हे हातात न धरलेल्या, पोहता न येणाऱ्या माणसालाही यात भाग घेता येतो. बेळगाव, खानापूर, हल्याळ भागातल्या लोकांना ते सकाळी घरून निघून रात्री जेवायला परत येण्याइतक्या अंतरावर मिळते. मात्र बेळगाव जिल्ह्यातल्या नद्यांवर ते होत नाही. त्यासाठी एकतर उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात गणेशगुडीला काळी नदीवर जावे लागते, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्यात वाळपईजवळ म्हादईवर. काळीवरचे राफ्टिंग पावसाळा सोडून चालते, म्हादईवरचे फक्त पावसाळ्यात. ही वाटणी अशीच का, हे कळले की या सहलीत धोका कुठे असतो आणि कुठे नसतो, तेही बरेचसे कळते.

पाणी कुठून येते

खानापूर तालुक्यात सह्याद्रीचा माथा पाण्याचे दोन भाग करतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात देगावजवळ, भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे जाते. वज्रपोहा धबधब्यासारख्या उड्या घेत ती घाट उतरते, गोव्यात शिरते आणि मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्राला मिळते. पूर्ववाहिनी नद्यांना पठारावरून शेकडो किलोमीटर सावकाश जायचे असते. पश्चिमवाहिनीला तेवढाच उतार थोडक्या अंतरात संपवायचा असतो. राफ्टिंगला उतार लागतो, म्हणून मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा इतक्या जवळ असूनही कामाच्या नाहीत. घटप्रभेचा सगळा आवेश गोकाकच्या धबधब्यात सुमारे ५२ मीटर खाली कोसळतो, आणि तिथून कोणतीही राफ्ट जाऊ शकत नाही.

म्हादईवर राफ्टिंग होते ते वाळपईच्या बाजूला, सत्तरी तालुक्यात, उस्ते ते सोनाळ अशा सुमारे १० किलोमीटरच्या टप्प्यात. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने २०१२ साली ते सुरू झाले. या टप्प्याच्या वर मोठे धरण नाही. कणकुंबी, आमगाव, जांबोटीच्या डोंगरांत जो पाऊस पडतो तोच काही तासांनी खाली येतो. जून सरताना नदी भरते आणि सप्टेंबरअखेर ओसरते. पाऊस कमी झाला तर राफ्ट खडकांवर घासते; अतिवृष्टी झाली तर पाणी गढूळ आणि बेभरवशाचे होते आणि त्या दिवशीची फेरी रद्द होते. रद्द झालेल्या फेरीवरून आयोजकाशी वाद घालणारे लोक दिसतात. खरे तर जो आयोजक पाणी बघून नाही म्हणतो, त्याच्याकडेच पुन्हा जावे.

काळी नदीचे गणित वेगळे आहे. जोयडा तालुक्यात डिग्गीला उगम पावून १८४ किलोमीटर वाहत ती कारवारजवळ सदाशिवगडला समुद्राला मिळते. गणेशगुडीला तिच्यावर सुपा धरण आहे. उंची १०१ मीटर, पूर्ण झाले १९८७ साली. तालुक्याचे जुने ठाणे असलेले सुपा गाव या जलाशयात बुडाले, ठाणे जोयड्याला गेले आणि विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. आज मौजेसाठी राफ्टमध्ये बसणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे, कारण ज्या पाण्यावर तो उतरतो ते पाणी त्या गावाच्या मोबदल्यात साठलेले आहे. धरणाच्या पायथ्याशी वीजनिर्मितीचे ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. ते चालले की नदीला पाणी येते, थांबले की पात्र उघडे पडते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा बेळगावच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हाही गणेशगुडीखाली थंडगार, स्वच्छ पाणी वाहत असते. पावसाळ्यात धरण भरून घ्यायचे असते, भरल्यावर दारे उघडावी लागतात, जंगलातले ओढेही फुगतात. त्या काळात राफ्टिंग बंद असते. साधारण ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत हंगाम धरावा. फेरीची वेळ मात्र विजेच्या मागणीवर ठरते, पर्यटकाच्या सोयीवर नाही. फोनवर सकाळी नऊची वेळ सांगितलेली असते आणि प्रत्यक्षात अकराला पाणी सुटते, हे नेहमीचेच.

नदीची श्रेणी आणि आयोजकांची भाषा

जगभर नदीच्या खळाळांना १ ते ६ अशी श्रेणी देतात. पहिलीत पाणी नुसते हलते, सहावी जवळजवळ अशक्य समजली जाते. काळीचा गणेशगुडीचा टप्पा आणि म्हादईचा उस्ते-सोनाळ टप्पा नेहमीच्या पाण्याला दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत बसतात. नवख्याने गाइडबरोबर जावे अशी ही वरची मर्यादा. पाणी वाढले की तोच खळाळ एक श्रेणी वर चढतो, हे विसरू नये.

गणेशगुडीला ‘शॉर्ट राफ्टिंग’ आणि ‘लाँग राफ्टिंग’ असे दोन प्रकार चालतात. शॉर्ट म्हणजे एक-दोन किलोमीटर, बराचसा संथ डोह आणि एखादा लहान खळाळ. लाँग म्हणजे नऊ-दहा किलोमीटर आणि पाठोपाठ येणारे खळाळ. रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये नुसते ‘राफ्टिंगसह’ असे लिहिलेले असेल तर ते बहुधा शॉर्ट असते. लहान मुले, वयस्क आई-वडील बरोबर असतील तर शॉर्ट उत्तम, त्यात कमीपणा काही नाही. पण लाँगच्या आशेने गेलेल्यांचा हिरमोड होतो, म्हणून आधीच स्पष्ट विचारावे. लाँग फेरीला साधारण १४ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, घेऊही नये. हृदयविकार, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पूर्वी निखळलेला खांदा किंवा गरोदरपण असेल तर काठावर थांबावे. दम्याचा पंप लागत असेल तर तो गाइडजवळच्या, पाणी आत न शिरणाऱ्या कोरड्या पिशवीत द्यावा.

एका राफ्टमध्ये गाइड सोडून सहा ते आठ माणसे असावीत. सुट्टीच्या दिवशी दहा-बारा जण कोंबलेल्या राफ्टही दिसतात. अशा राफ्टमध्ये वल्ही एकमेकांत अडकतात, पाय रोवायला जागा उरत नाही आणि राफ्ट खडकावर बसली तर हलत नाही. गर्दी बघून उतरायला नकार देण्याचा हक्क पैसे भरलेल्या प्रत्येकाला आहे. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे एकटी राफ्ट सोडतात की दोन-तीन बरोबर, आणि पुढे बचावासाठी कयाक (एका माणसाची लहान, निमुळती होडी) असते की नाही. खळाळाच्या तोंडी कयाकवाला आधी जाऊन थांबलेला दिसला तर निम्मी काळजी मिटते.

काठावरची पंधरा मिनिटे

सहलीतला सर्वांत महत्त्वाचा भाग पाण्यात उतरण्याआधीच होतो, आणि नेमका त्या वेळी अर्धा कंपू फोटो काढण्यात गुंतलेला असतो. गाइड आधी लाइफ जॅकेट बघतो. तो समोर उभा राहून दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरतो आणि जॅकेट जोराने वर ओढतो. ते हनुवटीच्या वर, कानाशी आले तर ढिले आहे. बाजूच्या पट्ट्या पुन्हा आवळायच्या, श्वास घेता येईल पण जॅकेट सरकणार नाही इतक्या. हेल्मेट कपाळ झाकणारे हवे. मागे सरकवून घातलेले हेल्मेट दिसायला बरे, पण कपाळ उघडे टाकते.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. एक हात कायम त्या मुठीवर, दुसरा खाली दांड्यावर. मुठीवरचा हात सुटला की ती कठीण मूठ खळाळात गरकन फिरते आणि शेजाऱ्याच्या दातांवर किंवा भुवईवर बसते. नवख्यांच्या राफ्टमध्ये तोंडाला लागते ते पुष्कळदा असेच, खडकाने नव्हे. बसायचे ते राफ्टच्या कडेच्या फुगीर नळीवर, आत मध्यभागी नाही; पाय आडव्या नळीखाली घट्ट रोवायचे.

हुकूम मोजकेच असतात: ‘फॉरवर्ड’ (पुढे वल्हवा), ‘बॅक’ (उलटे वल्हवा), ‘स्टॉप’ (वल्हे थांबवा), ‘होल्ड’ (घट्ट धरून बसा), आणि ‘गेट डाउन’ म्हटले की नळीवरून आत तळाशी बसून दोर धरायचा. यातला ‘फॉरवर्ड’ पाळणे सर्वांत अवघड जाते. समोर पांढरे पाणी उसळताना दिसले की नवखा माणूस वल्हे उचलून धरतो. पण राफ्ट पाण्यापेक्षा वेगाने चालली असेल तरच गाइडला ती वळवता येते. सगळ्यांनी एकदम हात थांबवले तर ती प्रवाहाच्या मर्जीवर जाते, आडवी होते आणि आडवी राफ्ट उलटते. म्हणूनच जोयड्याकडचा पोरगेला गाइडही ऐन खळाळात वडीलधाऱ्यांना “ओ मामा, बघत बसू नका, वल्हं पाण्यात घाला की!” असे ओरडून सांगतो, आणि मामांनी ते ऐकावे.

माणूस पाण्यात पडतो, पडणारच असे धरून चालावे. पडल्यावर उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटे पाण्याबाहेर दिसतील अशी. खडक आला तर पायाने ढकलता येतो, डोके वाचते. कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा मोह होतो, तो टाळायचा. तळाच्या दोन खडकांत पाऊल अडकले तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे वाकवते आणि तोंड पाण्याखाली दाबून धरते. जॅकेट अंगात असूनही मग उपयोग होत नाही. राफ्टवरून किंवा काठावरून आत दोर भरलेली थैली फेकली जाते, तिच्यातून दोर सुटत येतो. थैली नव्हे, दोर पकडायचा. खांद्यावरून घेऊन छातीशी धरायचा आणि पाठीवरच राहायचे. हाताला गुंडाळायचा नाही, म्हणजे गरज पडली तर सोडता येतो. पडलेल्याला परत राफ्टमध्ये घेताना त्याच्या हाताला न ओढता जॅकेटच्या खांद्यांना धरून ओढतात.

बंधाऱ्यांबद्दल

या नोंदीत हा मुद्दा स्वतंत्र घेण्याचे कारण आहे. गणेशगुडीहून परतलेली काही उत्साही मुले ट्रकच्या ट्यूब किंवा स्वस्तातल्या रबरी होड्या घेऊन गावाकडच्या नदीत उतरतात. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, घटप्रभा, कुठेही पाहिले तरी सीमाभागात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. भरल्या नदीत बंधाऱ्यावरून पाणी गुळगुळीत पडदा होऊन पडते, उंची फार वाटत नाही, आणि तेच फसवे असते. खाली पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडे उलटे फिरते. त्यात सापडलेली होडी किंवा माणूस वर येतो, मागे ओढला जातो, पुन्हा खाली जातो. नैसर्गिक खळाळात खडकांमधून पाणी वाट काढते, कडेला कुठेतरी सुटायला फट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सलग असतो, फट नसते. पोहण्यात तरबेज असलेलेही इथे हरतात. शिकवून तयार झालेले गाइड अशा जागी राफ्ट उचलून काठाने चालत पुढे नेतात. पावसाळ्यात गावच्या नदीत ट्यूब टाकू नये, हे घरातल्या मोठ्यांनी सांगावे आणि मुलांनी मानावे.

म्हादईचे पाणी

म्हादईचे खोरे कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात वादाचे आहे. कळसा आणि भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याची कर्नाटकाची योजना आहे, धारवाड-हुबळी भागाच्या पिण्याच्या पाण्यासाठी. ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई जलविवाद लवादाने निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी आले. खानापूर तालुक्यातल्या मराठी माणसाची यात अडचण अशी, की दोन्ही नद्या त्याच्याच डोंगरात जन्मतात. वाळपईचे राफ्टिंग हा या वादातला फार लहान विषय आहे, तरी वरचे प्रवाह अडवले गेले तर पावसाळ्यातल्या फेऱ्यांवर परिणाम होणारच. उगमाकडचे भीमगड अभयारण्य २०११ सालचे, खालचे गोव्याकडचे म्हादई अभयारण्य १९९९ सालचे. नदीचा हा पट्टा आजवर जंगलात राहिला तो यांच्यामुळे.

जाण्या-येण्याचे

गणेशगुडीला बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर असे गाडीने दोन-अडीच तासांत जाता येते. रेल्वेने लोंढा जंक्शन सोयीचे. आजूबाजूचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाचा आहे. नदीकाठी धनेश पक्षी दिसतात, दांडेलीच्या बाजूला संथ पाण्यात मगरी आहेत. म्हणून गाइड सांगेल तेवढ्याच डोहात पोहायला उतरावे, फेरी संपल्यावर आपल्या मनाने नाही. वाळपईला चोर्ला घाटाने जावे लागते. पावसाळ्यात तिथे दाट धुके, पडलेली झाडे आणि उखडलेला रस्ता धरूनच निघावे, आणि दुपारची फेरी घेतली असेल तर अंधारात घाट चढण्याची तयारी ठेवावी. शक्य असेल तर सकाळची फेरी बरी.

अंगावर लवकर वाळणारे कपडे हवेत. जीन्स ओली झाली की जड होते. साडी किंवा ओढणी राफ्टच्या दोरात अडकते, म्हणून बायकांनी ट्रॅकपँट आणि टीशर्ट घालावा. गणेशगुडीला आता सासवा-सुनाही तशाच उतरतात. चप्पल पहिल्याच खळाळात वाहून जाते, मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घालावेत. चष्म्याला मागून दोरी बांधावी. अंगठी, मंगळसूत्र, गाडीची किल्ली आणि मोबाइल काठावर विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. नाश्ता निघताना हलकाच करावा, पोटभर जेवण फेरी संपल्यावर. दारू प्यायलेल्याला राफ्टमध्ये घेत नाहीत, आणि ओळखीने घेत असतील तर आपण त्या राफ्टमधून उतरून दुसरी धरावी.