दुष्काळ तालुक्याचा की पाणलोटाचा? सोलापूरच्या धोरणांची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातही सर्वाधिक सप्टेंबरात. तो गडगडाटासह, पट्ट्यापट्ट्याने पडतो. एका शिवारात रब्बी ज्वारीपुरती ओल होते, शेजारच्या शिवारात ढेकूळही भिजत नाही. म्हणून दुष्काळ कोणत्या हद्दीत मोजायचा, हा इथला जुना प्रश्न आहे.

शहराजवळचा एकरुख तलाव 1871 साली पूर्ण झाला. त्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातले पावसाचे पाणी वाहत त्यात येते तो भाग, याच अवर्षणपट्ट्यात, त्यामुळे पाऊस रुसला की शेत आणि तलाव दोन्ही एकदमच कोरडे. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे तसे नाही. भीमेचे पाणी घाटमाथ्यावरून येते, त्यामुळे जिल्ह्यात पाऊस नसतानाही धरण भरू शकते. मात्र एकूण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी सुमारे 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरले जाणारे तळाचे पाणी, आहे. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात ते उरलेला उपयुक्त साठा संपल्यावर.

सर्वांत महागात पडलेला धडा बांधबंदिस्तीचा. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर समपातळी बांध, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीच्या रेषेवर पाणी अडवणारे बांध, मोठ्या प्रमाणावर घातले गेले. 3 टक्के उतारावर दोन बांधांमधल्या उंचीचा फरक साधारण 0.9 मीटर, म्हणजे अंतर 30 मीटर, असे गणित होते. हलक्या, मुरमाड जमिनीत ते जमले. खोल काळ्या जमिनीत मात्र पाणी बांधामागे तुंबले, पीक पिवळे पडले. उन्हाळ्यात मातीला भेगा गेल्या आणि पहिल्याच जोरदार पावसात बांध त्याच भेगांतून फुटले. तिथे जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध हवे होते. मातीच्या खोलीचा नकाशा हाताशी धरून काम आखले असते, तर हे नुकसान टळले असते.

1972 च्या दुष्काळानंतर सुखटणकर समितीने अवर्षणप्रवण तालुके ठरवले. सोय झाली, पण तालुका ही महसुली रेघ आहे. माळशिरसच्या उत्तरेला नीरा उजव्या कालव्याचा ऊस, दक्षिणेला माळरान. दोन्हींची सरासरी काढली की दक्षिणेकडचा टँकर कागदावर दिसत नाही. केंद्राच्या पाणलोट विकासाच्या 1995 च्या मार्गदर्शक सूचनांनी सुमारे 500 हेक्टरचे पाणलोट हे एकक धरले. पाणी गावाच्या शिवेवर थांबत नाही, हे धोरणाने तेव्हा मान्य केले. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. नाला आधी खोल करून वरचा उतार उघडा ठेवला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

भूजलाचे गणित आणखी वेगळे. इथल्या बेसॉल्ट या काळ्या कातळात पाणी झिजलेल्या थरात आणि फटींत असते. खाली अभंग कातळ लागला की बोअर कितीही खोल नेला तरी हाती बहुतेक धूळच येते. राज्याच्या भूजल कायद्यातली विहिरी-बोअरच्या खोलीची 60 मीटरची मर्यादा या संदर्भात वाचावी.

2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पैसेवारीऐवजी, म्हणजे पीक किती आले याच्या नजर अंदाजाऐवजी, पावसाची तूट, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, मातीतली ओल आणि भूजल यांचे निर्देशांक पुढे आणले. पीकविमा आणि मदतीचा हिशेब आता महसूल मंडळापर्यंत, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटापर्यंत, उतरला आहे. तरी अनेक गावांचा पाऊस मंडळातल्या एकाच पर्जन्यमापकावरून ठरतो. ते यंत्र झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवे. जवळ असेल तर पाऊस अडतो, नोंद चुकते, आणि ती चूक थेट शेतकऱ्याच्या भरपाईत उतरते.