‘स्कोअर किती आला?’ : एचआरसीटीच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

२०२१ च्या मे-जूनमध्ये, कोविडच्या साथीत, कोल्हापुरात आजाऱ्याची चौकशी याच प्रश्नाने सुरू व्हायची. गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडीकडची माणसे भाड्याची गाडी करून शहरात यायची आणि स्कॅन सेंटरबाहेर गाडीतच बसून राहायची. पाकीट हातात पडले की फिल्म आतच ठेवून रिपोर्टच्या तळाशी बोट जायचे. लगेच गावाकडे फोन : ‘नऊ आलाय पंचवीसपैकी, घाबरायचं न्हाई.’

एचआरसीटी म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन. त्याच्या या आकड्याची घडण साधी आहे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित दिसतो, त्यावर ० ते ५ गुण. पाच टक्क्यांहून कमी असेल तर १, पंचाहत्तरच्या वर गेला तर ५. बेरीज २५ पर्यंत. ही टक्केवारी बहुतेक ठिकाणी रेडिओलॉजिस्ट नजरेने ठरवतो, त्यामुळे एकाच स्कॅनला दोघांनी वेगळे गुण दिले तर त्यात गैर काही नाही. आजार किती पसरलाय, एवढेच हा स्कोअर सांगतो. कोणता आहे, हे सांगत नाही.

त्या दुसऱ्या प्रश्नासाठी को-रॅड्स ही श्रेणी होती. नेदरलँड्समधल्या रेडिओलॉजिस्टांनी ती मार्च २०२० मध्ये तयार केली. १ म्हणजे कोविडची शक्यता फार कमी, ५ म्हणजे फार जास्त. रिपोर्टवर दोन्ही आकडे जवळजवळ छापलेले असायचे आणि गोंधळ तिथेच झाला. ‘को-रॅड्स ५, स्कोअर ३’ याचा अर्थ कोविड जवळपास नक्की, पण फुप्फुसाला इजा थोडी. घरच्यांनी मात्र ‘पाच आलाय’ एवढेच धरले. कुणी त्या पाचाने हादरले, कुणी ‘पंचवीसात पाचच’ म्हणून निर्धास्त झाले.

दिवसाचा हिशेब तर कुणीच विचारत नव्हते. साथीच्या सुरुवातीला चीनमधल्या १२१ रुग्णांच्या स्कॅनचा अभ्यास झाला. लक्षणे दिसल्यापासून पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या ३६ स्कॅनपैकी २० स्वच्छ होते. फुप्फुसातले बदल साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक दिसतात. दुसऱ्या दिवशीचा शून्य घेऊन घरी परतलेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवे होते.

स्कॅनला निदानाचे साधन मानले गेले तेही चीनमधल्याच अनुभवावरून. वुहानच्या १,०१४ रुग्णांच्या अभ्यासात आरटीपीसीआर पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ९७ टक्के स्कॅनमध्ये सापडले. जगभर हाच आकडा फिरला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मागे राहिला : आरटीपीसीआर निगेटिव्ह आलेल्या दर चौघांपैकी तिघांचे स्कॅनही कोविडसारखेच वाचले गेले होते. त्यातल्या काहींना कोविड असेलही, कारण स्वॅबही चुकतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर मशीनच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपयांवर बांधले. गरिबाच्या दृष्टीने तो योग्यच निर्णय होता.

मे २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका बड्या सरकारी रुग्णालयाच्या प्रमुखांनी इशारा दिला : एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने तो खोडून काढला. त्यांच्या मते आधुनिक, अतिकमी मात्रेचा स्कॅन म्हणजे ५ ते १० एक्स-रे. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग धरतात, एका साध्या एक्स-रेत ०.०२. भागाकार ३५० येतो, म्हणजे इशारा हवेतला नव्हता. पण सेंटर कोणत्या मात्रेवर स्कॅन काढते, यावर सगळे अवलंबून होते आणि ती मात्रा रुग्णाला कुणी समजावून सांगत नव्हते. सौम्य आजारात ऊठसूट सीटी नको, हा मुद्दा रास्त. पण स्वॅबच्या रिपोर्टची वाट पाहत दम लागलेला माणूस समोर बसला असताना सीटी काढायला सांगणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला त्या वाक्याने विनाकारण आरोपी केले.

असाच दुसरा आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा. तो मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघर पोचला तो आशाताईंच्या पिशवीतून, २०२० च्या सप्टेंबरपासून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरून दिसले की काळ्या त्वचेच्या माणसांत हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते आणि खरी घट अनेकदा चुकते. नेलपेंट आणि गार बोट यांनीही फरक पडतो. गगनबावड्याच्या पावसात शेतातून आलेल्या बाईचा हात चोळून, ऊब आणून, अर्धा मिनिट थांबून घेतलेला ९३ आणि उंबऱ्यातूनच घाईने घेतलेला ९३ वहीत एकाच रकान्यात जात होता.