श्रवणयंत्राचे शेवटचे ७५ मिलिमीटर

कानामागे बसणाऱ्या श्रवणयंत्राची चौकशी करायला गेले की चॅनेल किती, चिप कोणती, ब्लूटूथ आहे का, याच गोष्टींवर बोलणे होते. चिपमधून निघालेला आवाज कानाच्या पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे फारसे कोणी सांगत नाही. ती वाट अशी: आधी रिसीव्हर, म्हणजे यंत्रातला इवलासा स्पीकर, मग कानावर अडकणारा टणक हुक, मग मऊ प्लॅस्टिकची ट्यूब, आणि शेवटी कानाच्या मापाने घडवलेला मोल्ड. मोठ्या माणसाच्या कानात ही सगळी वाट साधारण ७५ मिलिमीटर भरते. यंत्र कितीही महागाचे असले, तरी इथली चूक सॉफ्टवेअरने पुरती भरून निघत नाही. उलट ही वाट नीट केली, तर साध्या यंत्रातूनही बोलणे कितीतरी स्पष्ट ऐकू येते.

नळीतली हवा ठरावीक वारंवारतांना जास्त जोराने हलते. एका टोकाला रिसीव्हर, म्हणजे जवळजवळ बंद तोंड. दुसऱ्या टोकाला नळीच्या मानाने ऐसपैस अशी कानातली पोकळी. अशा नळीचा पहिला अनुनाद तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला येतो. शरीरालगतच्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर ७५ मिमीच्या नळीसाठी हे उत्तर ११७० हर्ट्झच्या आसपास निघते. पुढचे अनुनाद याच्या तिप्पट आणि पाचपट. त्यात रिसीव्हरचा स्वतःचा यांत्रिक अनुनाद आणखी भर घालतो. त्यामुळे कोणत्या वारंवारतेला आवाज किती मोठा, हे दाखवणारा यंत्राचा आलेख सपाट येत नाही, त्यात तीन-चार सुळके दिसतात.

या सुळक्यांचा त्रास आवाजाच्या गोडव्यापुरता नसतो. स्वयंपाकघरात ताट पडले की सुळक्यावरचा आवाज सगळ्यांत आधी सहनशक्तीच्या पलीकडे जातो. वैतागून माणूस व्हॉल्यूम कमी करतो आणि एका सुळक्यापायी सगळे बोलणेच बारीक होते. यंत्रातून येणारी शिट्टीही (तिच्याबद्दल पुढे) बहुतेक वेळा सुळक्यावरच सुरू होते. तो खाली आणला, की तेवढाच जास्तीचा आवाज देण्याची मोकळीक मिळते.

सुळका खाली आणायचे साधन म्हणजे डॅम्पर. सुमारे दोन मिमी व्यासाच्या बारीक नळकांड्यात ताणून बसवलेली जाळी, इतकाच तो भाग. त्याचा रोध ध्वनिक ओहममध्ये मोजतात: ६८०, १०००, १५००, २२००, ३३०० आणि ४७००. रंगावरून तो ओळखता येतो; १५०० चा हिरवा, २२०० चा लाल. हिरवा जास्त वापरला जातो, त्यामागे हिशोब आहे. नेहमीची १३ नंबरची ट्यूब आतून १.९३ मिमी असते. हवेची घनता आणि ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराला त्या छिद्राच्या क्षेत्रफळाने भागले, की नळीचा स्वतःचा ध्वनिक रोध येतो सुमारे १४०० ओहम. जाळीचा रोध त्याच्या जवळपास असला, की नळीत पुढेमागे उसळणारी लाट जाळीपाशी बरीचशी विरते. रोध फार कमी असेल तर सुळका तसाच राहतो; फार जास्त असेल तर सुळक्याबरोबर उपयोगाचा आवाजही जातो.

डॅम्पर बसवायचा कुठे? हवा सर्वांत वेगाने हलते तिथे, म्हणजे खरे तर मोल्डच्या आतल्या टोकाला. पण तिथे मळ आणि ओल जाळी बुजवून टाकतात. म्हणून तो हुकाच्या टोकात बसवतात. परिणाम थोडा कमी मिळतो, पण बदलायला सोपा पडतो. यंत्राचा आवाज एकाएकी बारीक झाला तर आधी ट्यूब काढून हुकातून आवाज ऐकावा, मग हुक काढून पाहावे. हुक काढल्यावर आवाज दणदणीत येत असेल, तर बुजलेला डॅम्पर हेच कारण. अशी यंत्रे विनाकारण दुरुस्तीला जातात आणि माणूस तेवढे दिवस आवाजाविना राहतो, हे थांबायला हवे.

आता उच्च वारंवारतांकडे. ‘साल’, ‘शाल’, ‘चाल’, ‘ताल’ या शब्दांतला फरक पहिल्या व्यंजनात आहे, आणि ‘स’ची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. सरळ, अरुंद ट्यूब नेमकी हीच ऊर्जा पुढे पोहोचवण्यात कमी पडते. सनईचे तोंड रुंदावत जाते, तशी नळी कानाच्या दिशेने रुंद केली, तर अरुंद टोकाचा रोध आणि पोकळीचा रोध यांचा मेळ बसतो आणि वरचे आवाज जोरात उतरतात. श्रवणयंत्रांचे अमेरिकी संशोधक मीड किलियन यांनी हे तत्त्व श्रवणयंत्रांच्या मोल्डमध्ये आणले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट लिबी यांनी १.९३ मिमीपासून ४ मिमीपर्यंत रुंदावणारी अखंड ट्यूब तयार केली. ती आजही ‘लिबी हॉर्न’ म्हणूनच ओळखली जाते. नेहमीच्या ट्यूबच्या तुलनेत ती ३००० हर्ट्झच्या वर ५ ते १० डेसिबल जास्त देते, तेही बॅटरीवर जादा ताण न पडता. लहान कानांत ४ मिमी मावत नाही. त्यांच्यासाठी ३ मिमीची आहे.

इथे सर्वाधिक चूक होते ती लांबीत. रुंद भागाचा फायदा त्याच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या आसपास दिसू लागतो. मोल्डचे टोक फक्त १० मिमीपर्यंत कोरून रुंद केले तर तो फायदा साडेआठ हजार हर्ट्झच्या पुढे जातो, आणि तिथे बहुतेक यंत्रे फारसे काही देतच नाहीत. ४००० हर्ट्झला उपयोग हवा तर रुंद भाग २० ते २२ मिमी असायला हवा. दुसरी चूक ट्यूब बदलताना होते. ४ मिमीच्या छिद्रात नवी १३ नंबरची ट्यूब थेट टोकापर्यंत सारून चिकटवली, की हॉर्न नाहीसा होतो. बाहेरून मोल्ड तसाच दिसतो. घरचे एवढेच म्हणतात की हल्ली यांना नीट समजत नाही. तिसरी चूक चिकटवणीची. तिचा थेंब छिद्रात उतरून तोंड आवळले तर हॉर्नच्या बरोबर उलटा परिणाम होतो. हल्लीच्या बारीक ट्यूबांचे आतले माप एक मिमीपेक्षाही कमी असते. त्या दिसायला नाजूक आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणाला पुरेशा. पण तीव्र बहिरेपणात त्या निवडणे आम्हाला चुकीचे वाटते.

मोल्डने कान बंद झाला की स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो. बोलताना जबड्याची कंपने हाडामार्फत कानाच्या नळीच्या बाहेरच्या, कूर्चेच्या भागाला हलवतात. एरवी तो आवाज कानातून बाहेर निघून जातो. मोल्ड लावला की आतच अडकतो आणि २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात २० डेसिबल किंवा जास्तही वाढतो. उपाय म्हणजे व्हेंट, मोल्डमधून आरपार जाणारे हवेचे छिद्र. व्हेंट किती काम करेल हे त्याची लांबी भागिले क्षेत्रफळ यावर ठरते. व्यास दुप्पट केला, तर तो परिणाम लांबी चौथ्यावर आणण्याइतका असतो. २ मिमीचे व्हेंट २५० हर्ट्झला यंत्राचा आवाज सुमारे १० डेसिबलने उतरवते, पण १००० हर्ट्झला जवळपास काहीच करत नाही. म्हणून ५०० हर्ट्झपर्यंत ऐकू बऱ्यापैकी येत असेल तर ३ मिमी किंवा त्याहून मोकळे, मध्यम बहिरेपणात १ ते २ मिमी, आणि खालच्या वारंवारतांनाही ऐकू फार कमी असेल तर फक्त दाब सोडण्यापुरते ०.८ मिमी, अशी सुरुवात करावी.

व्हेंट आवाजाच्या छिद्राला समांतर असावे. जागा नाही म्हणून ते तिरपे नेऊन मुख्य छिद्राला मधेच मिळवले, तर उच्च वारंवारता बाहेर निसटतात आणि शिट्टीही वाढते. मोल्ड इतका लहान असेल, तर व्हेंट बारीक पण समांतर ठेवलेले बरे.

शिट्टी म्हणजे कानातला आवाज बाहेर गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरणे. गळती कुठे आहे ते बोटाने शोधता येते. यंत्र चालू ठेवून मोल्ड कानाबाहेर काढा आणि त्याचे टोक व व्हेंट दोन्ही बोटांनी घट्ट बंद करा. शिट्टी थांबली, तर दोष मोल्डच्या बसण्यात किंवा व्हेंटच्या मापात. थांबली नाही, तर ट्यूब काढून हुकाचे तोंड बंद करा. आता थांबली तर ट्यूबला भेग आहे किंवा ती मोल्डमध्ये सैल आहे. तरीही चालूच असेल तर हुकाचा सांधा, नाहीतर यंत्राच्या आत रिसीव्हरला झेलणारे रबर निखळले आहे. यंत्र पडले की हे रबर हमखास सरकते. मग रिसीव्हरची कंपने थेट कवचातून मायक्रोफोनपर्यंत जातात, आणि ते काम दुरुस्तीचेच.

डिजिटल यंत्रे उलट्या कलेचा, म्हणजे लाटेच्या चढावर उतार येईल असा, आवाज मिसळून शिट्टी खोडतात आणि त्यातून १० ते १५ डेसिबलची मोकळीक मिळू शकते. पण तंबोऱ्याचा किंवा हार्मोनियमचा लांबलेला सूर या यंत्रणेला शिट्टीच वाटतो. ती तो खोडू पाहते आणि सूर थरथरतो किंवा त्यामागे भलताच सूर उमटतो. गाणे ऐकणाऱ्यांसाठी संगीताचा वेगळा प्रोग्राम करून त्यात ही यंत्रणा मंद ठेवतात. ते जमायचे तर मोल्ड मुळातच घट्ट हवा. त्यासाठी कानाचे माप कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढपर्यंत घ्यावे, आणि जास्त ताकदीच्या यंत्रासाठी तोंड उघडे ठेवून घ्यावे. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही बदलतो.

यातला कोणताही बदल केला की सॉफ्टवेअरमध्ये ट्यूबचा प्रकार, हॉर्न आणि व्हेंटचे माप यांची नोंद बदलावी लागते. तो रकाना पुष्कळदा मूळ नोंदीवरच राहून जातो आणि यंत्र कानात नसलेल्या ट्यूबचा हिशोब करत बसते. खात्री करायची तर कानातच मोजावे: पडद्यापासून ५ मिमीच्या आत बारीक नळी ठेवून. यंत्र तपासायला कानाऐवजी वापरतात ती प्रयोगशाळेतली २ घन सेंटिमीटरची पोकळी खऱ्या कानाशी जुळत नाही. लहान मुलांच्या कानात मोल्डपुढची जागा इवलीशी असते आणि पोकळी निम्मी झाली की आवाज ६ डेसिबलने चढतो. मुलांचे यंत्र कानात न मोजता लावणे धोक्याचे आहे.

ट्यूब साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी बदलावी. ती पिवळी आणि ताठ झाली की आकसते. नव्या ट्यूबचे टोक निमुळते कापून मोल्डमधून ओढून घ्या, वळणावर ती चेपली नाही ना ते पाहा, आतले टोक मोल्डच्या कडेशी सपाट कापा. लांबी यंत्र कानावर ठेवूनच ठरवा. ट्यूब लांब राहिली तर यंत्र वर उचलले जाते, दोन मायक्रोफोनांची आडवी रेघ तिरपी होते आणि समोरच्याचे बोलणे टिपण्याऐवजी ते छताकडे रोखले जाते. कोकणातल्या पावसाळ्यात तर कानाच्या उबेतली वाफ ट्यूबमध्ये गार होऊन थेंब धरते, आणि एक थेंबही वाट पुरती अडवतो. मोल्ड हुकापासून सोडवून रबरी फुग्याच्या पंपाने तो उडवावा. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासातही वाफच असते. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, पण झिंक-एअर बॅटरी आधी बाहेर काढून. कोरड्या डबीत ती लवकर सुकते.