ओरडतो पट्टा, दोष भलत्याचाच

पावसाळ्यातल्या सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून लांबलचक किंचाळी येते आणि काही सेकंदांत विरते. गॅरेजमध्ये बहुधा नवा पट्टा पडतो. आवाज मात्र कधी कधी परत येतो, कारण दोष पट्ट्यात नसतोच.

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून निघालेला हा पट्टा वीज बनवणारा अल्टरनेटर (जुने मेकॅनिक त्याला अजून डायनॅमोच म्हणतात), एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवतो. त्याला दात नसतात, सगळा कारभार घर्षणावर. सपाट पट्ट्याने पुलीला अर्धा वेढा घातला असेल आणि घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.३ असेल, तर त्याच्या घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीचपट होईपर्यंत तो घसरत नाही. घर्षणांक ०.२ झाला की ही मर्यादा १.९ पटीपर्यंत खाली येते. सकाळी पट्ट्यावर दमट थर असतो आणि त्याच वेळी स्टार्टरने खर्चलेली बॅटरी भरून काढायला अल्टरनेटर जोर लावत असतो. पकड कमी, ओझं जास्त, पट्टा घसरतो.

पण घसरताना तो का ओरडतो? रबर पुलीला चिकटतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की कंपनांचा सूर ऐकू येतो. सारंगीची तार गजाखाली अशीच बोलते.

आवाज मुख्यतः दोन तऱ्हेचे. एसी लावल्यावर किंवा एकदम रेस केल्यावर येणारी लांब किंचाळी म्हणजे ताण कमी; बहुधा पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग थकलेली असते. इंजिन आयडलवर असताना येणारी, वेगाबरोबर भरभर होणारी तुटक चिवचिव म्हणजे एखादी पुली रांगेतून सरकलेली. तिथे पट्ट्याच्या धारा, म्हणजे त्याच्या लांबीभर गेलेले उंचवटे, पुलीच्या खाचेत तिरप्या शिरतात आणि बाजूला घासतात.

दोन्हींतला फरक ओळखायची पद्धत मला फार आवडते. आयडलवरच्या इंजिनात पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर थोडं पाणी फवारायचं. किंचाळी वाढली तर ताण कमी, कारण उरलीसुरली पकडही पाण्याने गेली. चिवचिव थांबून थोड्या वेळाने परत आली तर पुली तिरपी, कारण बाजूचं घासणं पाण्याने तेवढ्यापुरतं मऊ झालं. मात्र फवारताना बाह्या, ओढणी, केस लांबच ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. साबण किंवा ग्रीस लावून आवाज दाबू नये, त्याने खरी खूण पुसली जाते.

पट्टा नुसता बघून भागत नाही. पूर्वीच्या निओप्रीनच्या पट्ट्यांना भेगा पडत, त्या मोजून निर्णय होई. आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे फारसे भेगाळत नाहीत, टायरसारखे झिजतात. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पट्ट्याच्या धारांमधल्या खाचा झिजून रुंद झालेल्या असू शकतात, म्हणून त्यांची झीज गेजने तपासावी लागते.

पाण्याने काहीच बदललं नाही आणि आवाज घरघरीचा असेल, तर संशय बेअरिंगवर. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरत्या भागाला नाही, तर अल्टरनेटरच्या किंवा पंपाच्या स्थिर अंगाला टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. घरघर जिथे सर्वांत स्पष्ट, ते बेअरिंग आधी बदलायचं. पाण्याच्या पंपाचं असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये. पंप अडकला की इंजिन काही मिनिटांत तापतं.