गॅस गिझर, बंद न्हाणीघर आणि हिमोग्लोबिन

थंडी पडू लागली की गॅस गिझरमुळे न्हाणीघरात कोणी दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यावर हमखास ऐकू येते, ‘पण गॅसचा वास तर आला नव्हता!’ हा गैरसमज जिवावर बेततो. सिलिंडरमधील प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, आणि गॅस पेटल्यावर तेही जळून जाते. त्यामुळे वास गळतीची वर्दी देतो, ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या वासरहित विषारी वायूची नाही.

पूर्वीचा बंब मागील दारी किंवा धूर निघून जाईल अशा मोकळ्या जागी पेटत असे. आजचे न्हाणीघर मात्र चार बाय सहा फुटांचे, म्हणजे त्यात हवा जेमतेम साडेपाच हजार लिटर. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी अंदाजे 1,900 लिटर हवेतला प्राणवायू वापरतो. खिडकी बंद असेल तर ज्योतीलाच प्राणवायू कमी पडू लागतो, कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो आणि आत उभ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खरी विलक्षण गोष्ट पुढे रक्तात घडते. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेहून अधिक पट असते. हवेत प्राणवायू 21 टक्के आणि हा वायू केवळ 0.1 टक्का असला, तरी दोघांची ताकद जवळपास सारखी भरते आणि पुरेसा वेळ मिळाल्यास निम्मे हिमोग्लोबिन अडवले जाते. पण रक्तक्षयाने निम्मे हिमोग्लोबिन गमावलेली बाई थकलेली असली तरी घरकाम करताना दिसते, मग इथे निम्म्यावरच प्राण का जावा? हिमोग्लोबिनच्या रेणूत प्राणवायू धरणाऱ्या चार जागा असतात आणि त्या एकमेकींवर परिणाम करतात. त्यांतील एक-दोन जागा कार्बन मोनॉक्साइडने बळकावल्या की उरलेल्या जागा आपला प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवतात. रक्तात प्राणवायू असतो, तो मेंदूपर्यंत पोहोचतोही, पण तिथे सुटत नाही. रक्तक्षयात वाहने कमी झालेली असतात. इथे उरलेली वाहनेही माल उतरवत नाहीत.

अशा माणसाला चक्कर येते, शुद्ध हरपते, कधी आकडीही येते. तेव्हा कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दृष्ट काढणे यांत जाणारे प्रत्येक मिनिट घातक आहे. करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नये; साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही आणि तो 98 आकडा दाखवत राहतो.

गिझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे. कोणी कोसळल्यास स्वतःचा श्वास जपत दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला बाहेर आणून तातडीने रुग्णालयात न्यावे आणि ‘गॅस गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आधी सांगावे. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण दीड तास.