चिकित्सा मानसशास्त्रज्ञ : पात्रता आणि उपचारपद्धती

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) मानसिक आजारांचे मूल्यमापन करतात आणि संवाद, नोंदी व सराव यांच्या साहाय्याने उपचार करतात. औषधे लिहून देणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम. मुंबईत केईएम, नायर, शीव या पालिका रुग्णालयांत दोघांची गाठ एकाच विभागात पडते. खासगी सल्ला घेताना मात्र समोर नेमके कोण आहे, हे रुग्णालाच विचारून घ्यावे लागते.

मानसशास्त्रातील एम.ए. एवढ्यावर ही पदवी लावता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील व्याख्येत देखरेखीखालील रुग्णकामासह २ वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा उल्लेख आहे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीही लागते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको.

पहिले सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते. त्यात सल्ला जवळजवळ नसतो, आणि तो नसावाच. ‘जीव घाबरा होतो’, ‘कसंतरीच होतं’ अशा तक्रारींची फोड करून घेतली जाते : सुरुवात कधी, किती वेळ टिकते, त्या क्षणी मनात काय येते, त्यानंतर माणूस काय टाळू लागतो. नैराश्याच्या तीव्रतेसाठी पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची चाचणी देतात. तिचे गुण ० ते २७. नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असल्याने, एकूण गुण कमी आले तरी त्याच्या उत्तराची स्वतंत्र चौकशी करावीच लागते. सत्रातले बोलणे गोपनीय राहते. जिवाला धोका असेल तर अपवाद, आणि तो आधीच सांगायचा असतो. ऑनलाइन सत्रात ‘आत्ता खोलीत कोण आहे?’ हा पहिला प्रश्न. वन-रूम-किचनमध्ये सासूबाई शेजारीच बसलेल्या असतील तर खरे बोलणे होत नाही. अशा वेळी गच्ची किंवा उभी गाडी बरी.

उपचारपद्धतींत अ‍ॅरन बेक यांची बोधात्मक पद्धती (त्रास देणारे विचार पुराव्याने तपासून बदलण्याची) आणि अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती (अविवेकी समजुती ओळखून खोडून काढण्याची) जास्त वापरात आहेत. एलिस यांची पद्धती महाराष्ट्रात मानसोपचारक कि. मो. फडके यांनी रुजवली. घरी करायची विचारनोंद हा या कामाचा कणा : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना व तिची तीव्रता, विचाराच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा, पर्यायी विचार. नोंद प्रसंगानंतर लगेच लिहावी. रविवारी बसून आठवडाभराची भरली, तर मूळ विचार निसटून फक्त सारवासारव उरते.

लोकलमध्ये येणाऱ्या भीतीच्या झटक्यांवर उपचार करताना आधी डॉक्टरांकडून हृदय व थायरॉईडची तपासणी होते. मग भीतीला ० ते १०० गुण देऊन शिडी आखतात : फलाटावर उभे राहणे, दुपारच्या धीम्या गाडीने दादर ते माटुंगा, पुढे कुर्ल्यापर्यंत, त्यानंतर जलद गाडी, शेवटी संध्याकाळची गर्दी. एकेक पायरी भीती ओसरेपर्यंत किंवा ‘आता मी कोसळणार’ हे भाकीत खोटे ठरेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. झटका सहसा काही मिनिटांत शिखरावर पोचून उतरू लागतो. नेमके त्याआधीच गाडीतून उतरले, तर ‘उतरलो म्हणून वाचलो’ हा धडा मन शिकते आणि भीती पक्की होते. दारालगतची जागा, हातातली पाण्याची बाटली, सोबत भाऊ हे आधारही तसेच काम करतात. म्हणून तेही एकेक करून सोडवावे लागतात. श्वसनाचा सराव उपयोगी, पण झटका हाणून पाडण्यासाठी वापरला तर तोही असाच एक आधार बनतो.

उपचार फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन-तीन सत्रांत बरे वाटताच येणे थांबवणे. कुटुंबीयांनी परस्पर फोन करून ‘तिला जरा समजवा’ म्हणणे हेही घातक. जिवाला धोका असल्याचा अपवाद सोडला, तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्यांना काहीही सांगता येत नाही. तीव्र नैराश्य, भास किंवा आत्महत्येची योजना दिसल्यास केवळ बोलण्यावर विसंबत नाहीत, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.