दार उघडतंय तोवरच गाडी आणा
जड झालेल्या लॉकबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"लॉक जड झालंय, जरा वरनंच तेल सोडा की. पॅड कशाला खोलताय?" हे आम्हाला जवळजवळ रोज ऐकावं लागतं. (पॅड म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण.) प्रत्येकाला गाडीपाशी उभं करून समजावणं गर्दीत जमत नाही, म्हणून हा कागद छापलाय. तुमचं बिल होईपर्यंत वाचून होईल.

दार उघडलं की त्याच्या कडेला एक लोखंडी पंजा दिसतो. दार लावताना हा पंजा चौकटीवरची कडी दोन टप्प्यांत पकडतो. पहिल्या 'टक'ला दार नुसतं अडकतं, दुसऱ्या 'टक'ला पक्कं बसतं. पंजा उलटा फिरू नये म्हणून आत एक लहान खिट्टी स्प्रिंगवर बसवलेली असते. तुम्ही हँडल ओढता तेव्हा रॉड किंवा केबल ती खिट्टी बाजूला सारते. या सगळ्याला कंपनीतून ग्रीस लागलेलं असतं. जत-आटपाडीच्या रस्त्यांची धूळ आणि आपल्याकडचे दोन-चार उन्हाळे खाल्ले की त्या ग्रीसची थंडीत गोठलेल्या काकवीसारखी गत होते. खिट्टी परत जागेवर यायला वेळ लावते. मग दार एकदा लावून बसत नाही, दुसऱ्यांदा आपटावं लागतं.

वरून सोडलेलं तेल पंजाच्या तोंडापर्यंत पोचतं. रॉडच्या प्लास्टिक क्लिपा, हँडलची केबल, चावीच्या सिलिंडरमागची जोडणी, सेंटर लॉकची मोटर हे सगळं पॅडच्या मागे असतं, तिथे ते जात नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारला तर तो उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. घरातलं खोबरेल किंवा इंजिनचं जुनं ऑइल सोडलं असेल तर आणखी धूळ धरते. तरी पंधरा-वीस दिवस दार छान चालतं, हे खरं आहे. खरी अडचण तिथेच होते, कारण "झालं की बरोबर" म्हणून गाडी परत कामाला लागते आणि लॉकचं काम मागे पडतं. त्यानंतर दार बंद अवस्थेतच अडकतं.

बंद अडकलेलं दार का महाग पडतं

पॅडचा एक स्क्रू आतल्या हँडलच्या मागे असतो, एक-दोन हात ठेवायच्या खोबणीत. बाकी पॅड कडेच्या क्लिपांवर बसतं. स्क्रू काढायचे, कडेने क्लिपा सोडवायच्या आणि मग पॅड काचेच्या पट्टीतून वर उचलून काढायचं. दार उघडं असेल तर हे सरळ काम आहे. दार बंद असेल तर पॅडची पुढची कड डॅशबोर्डला, मागची खांबाला आणि खालची उंबऱ्याला भिडलेली असते. उचलायला जागाच नसते. त्यात लॅच, म्हणजे पंजा आणि खिट्टीचा अख्खा संच, धरून ठेवणारे स्क्रू दाराच्या कडेवर असतात, म्हणजे दार उघडल्याशिवाय ते दिसतही नाहीत.

अशा वेळी सीट काढावी लागते, पॅड जपून वाकवून हात जाईल एवढी फट करावी लागते आणि आकडा घालून नुसत्या अंदाजाने खिट्टी ढकलावी लागते. उघड्या दाराचं काम आम्ही साधारण दीड-दोन तासांत देतो. बंद दाराला अर्धा दिवस जातो, आणि पॅडला तडा जाणार नाही याची हमी आम्ही देत नाही. हे आधीच सांगतो, नंतर वाद नको.

दार अडकायच्या आधी ते सांगत असतं. पहिल्या टकला थांबणं, हँडल जागेवर परत न येणं, रिमोट दाबल्यावर एका दाराची मोटर नुसती कुरकुरणं. बऱ्याच नव्या गाड्यांत दार उघडं असल्याचा दिवा लावणारा स्विच लॅचमध्येच असतो, म्हणून दार नीट लावूनही आतला दिवा जळत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. लोक नवी बॅटरी घालतात, महिन्याभरात तीही उतरते! यातलं एक जरी दिसलं तरी या. आणि तोपर्यंत हँडल जोरात ओढू नका. खिट्टी जड असताना जोर लावला की केबल तुटते किंवा बाहेरचं हँडल मोडतं, आणि साफसफाईच्या कामात पार्टचा खर्च वाढतो.

मागचं दार आतून उघडत नसेल तर आधी दाराच्या कडेची चाइल्ड लॉकची कळ बघा. ती चालू असली की आतलं हँडल काम करत नाही. यासाठी इस्लामपूरवरून येऊ नका, फोनवर सांगतो, पैसे नाहीत. मात्र मागचं लॉक जड झालेलं असेल तर ही कळ बंदच ठेवा. ती चालू असताना बाहेरचं हँडल मोडलं तर दार ना आतून उघडतं ना बाहेरून.

घरी तपासायचं असेल तर दार उघडं ठेवून डिसमिसने पंजा आत ढकला. दोन टक ऐकू आले पाहिजेत. मग दार लावण्याआधी बाहेरचं हँडल ओढून पंजा परत उघडा. हे विसरून दार लावलं तर मिटलेला पंजा कडीवर आदळतो आणि दोन्ही बिघडतात. दाराची खालची कड धरून वर उचलून बघा. दार हलत असेल तर बिजागरी ढिली आहे, लॉकचा दोष नाही. तेही आम्ही करून देतो.

पॅडचं काम आणि त्याचे पैसे

व्हिडिओ बघून पॅड स्वतः खोलणारे बरेच आहेत, आमची हरकत नाही. पण डिसमिस घालून उचकटलं की क्लिपा मोडतात, कधी पॅडमधल्या त्यांच्या जागाही फाटतात, मग पॅड कायम खडखडतं. आम्ही प्लास्टिकची पट्टी वापरतो, तरी उन्हाने कडक झालेल्या काही क्लिपा मोडणारच. त्या नव्या घालतो, बिलात वेगळ्या लिहितो.

पॅडमागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा पडदा असतो. "ही पन्नी राहू दे की, काय करायचीय" असं म्हणणारे भेटतात. काचेच्या रबरातून पावसाचं थोडं पाणी दारात उतरतंच, गाडीची बांधणीच तशी असते. ते पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं आणि केबिनमध्ये येऊ नये म्हणून हा पडदा लावलेला असतो. तो फाटला की पॅड फुगतं, स्पीकर जातो, पायाखालची मॅट ओली राहून वास मारते. शिराळ्याकडच्या गाड्यांत हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो. म्हणून जुना पडदा शाबूत असेल तर तोच, नसेल तर नवा, ताज्या बुटाइल टेपने बसवतो. यात वेळ जातो आणि तो बिलात धरलेला असतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो, कारण काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर दारात असतो. त्यामुळे घड्याळ चुकेल, एका टचवर जाणारी काच पुन्हा सेट करावी लागेल. ती आम्हीच करून देतो.

2019 किंवा 2021 च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल, किंवा तशी जुनी घ्यायचा विचार असेल, तर एक पॅड खोलून बघाच. दाराच्या तळाशी गाळ आणि लॅचवर लाल गंज लगेच दिसतो. दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर खालची भोकं गाळाने बुजलेली आहेत, पत्रा आतून सडायला लागला समजा. सौदा करण्याआधी गाडी इकडे फिरवून न्या, तपासणीचे पैसे थोडे आहेत आणि काम आमच्याकडे केलंत तर तेही वळते करतो.

लॅच जुना झाला म्हणजे बदलायलाच हवा असं नाही. आम्ही तो काढून धुतो, पांढरं लिथियम ग्रीस भरतो, दार लावून-उघडून दाखवतो. पंजा झिजला असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल तरच नवा घालतो, आणि जुना तुमच्या हातात देतो. एक दार खोललंच आहे तर बाकीची तीनही बघून घ्या, मजुरीत सवलत मिळते. मृगाच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे गर्दी असते, मे महिन्यातच या.

येताना दोन्ही चाव्या आणा. रिमोटमुळे ड्रायव्हरच्या दाराचं चावीचं सिलिंडर वर्षानुवर्षं फिरत नाही आणि रिमोटचा सेल संपतो त्याच दिवशी ते जाम असल्याचं कळतं. महिन्यातून एकदा हाताने चावी फिरवा, त्यात तेल घालू नका, कोरडी ग्रॅफाइट पावडर चालते. रोजची चावी अडत असेल आणि कपाटातली नीट फिरत असेल तर रोजचीच झिजली आहे. मग सिलिंडर उघडायची गरज नाही, नवी चावी कापून घेतली की भागतं.